वाचकांचे प्रश्न : पाच सूत म्हणजे 'पॉइंट पाच' नव्हे

गेल्या अंकात व्यवहारी अपूर्णांकांच्या बेरजेविषयी लिहिताना, 'त्यांचे दशांशात रूपांतर कसे करावे हे वाचकांना ठाऊकच आहे' असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो. त्या वाक्यावर हरकत घेणारी पत्रे नागपूरच्या निरनिराळ्या भागांतून आली आहेत आणि ती वाचल्यावर हरकत रास्त आहे हे मला मान्य करावे लागते. भागाकार बहुतेकांना येतो. माणूस अडतो तो भागाकाराच्या अलीकडे किंवा पलीकडे. निवडक पत्रे संक्षेपाने देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न (लकडगंज) : माझा दारे-खिडक्या तयार करण्याचा व्यवसाय आहे. मी वहीत '३ इंच ५ सूत' असे माप लिहिले होते. माझ्या मुलाने मोबाईलवर ते ३.५ असे घालून मिलिमीटरमध्ये बदलले आणि तेरा पट्ट्या कापून आणल्या. सगळ्या अरुंद निघाल्या. तो म्हणतो की गुणाकार बरोबर आहे, मी म्हणतो की पट्टी चुकली आहे. आमच्यापैकी कोणाचे खरे?

उत्तर : दोघांचेही खरे आहे, कारण चूक गुणाकाराच्या आधीच, टिंब दिले त्या क्षणी झालेली आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पाच सूत म्हणजे ५/८ इंच. अपूर्णांकातली ही रेघ भागाकाराची खूण आहे. पाचाला आठाने भागायचे आहे, पण अजून भागलेले नाही, एवढेच ती सांगते. तो राहिलेला भागाकार पुरा केला की दशांश अपूर्णांक हाती येतो, आणि रूपांतर म्हणतात ते याहून वेगळे काही नाही.

आता तो भागाकार सावकाश करून पाहू. पाचात आठ एकदाही जात नाहीत, म्हणून भागाकाराच्या जागी शून्य लिहून दशांशचिन्ह द्यावे आणि ५ एककांचे ५० दशांश करावेत. आठ सक अठ्ठेचाळीस, बाकी २. या २ दशांशांचे २० शतांश होतात. आठ दुणे सोळा, बाकी ४. या ४ शतांशांचे ४० सहस्रांश होतात. आठ पंचे चाळीस, बाकी शून्य. भागाकारात ओळीने ६, २ आणि ५ आले, म्हणजे ५/८ = ०.६२५. तेव्हा आपले माप ३.५ इंच नसून ३.६२५ इंच आहे. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, त्याने गुणल्यावर ९२.०७५ मिलिमीटर येतात. आपल्या चिरंजीवांना ८८.९ आले असणार. फरक ३.१७५ मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर एका सुताचा आहे. तसाच तो असणार, कारण ३.५ इंच म्हणजे साडेतीन इंच, आणि साडेतीन इंच म्हणजे ३ इंच ४ सूत. त्या तेरा पट्ट्यांना टेप लावून पाहावा. प्रत्येक पट्टी एकेका सुताने कमी भरेल.

दशांशचिन्हाच्या उजवीकडचे पहिले घर दहाव्या भागाचे, दुसरे शंभराव्या भागाचे आणि तिसरे हजाराव्या भागाचे असते, आणि ही घरे आपल्या सोयीने बदलता येत नाहीत. इंचाचे भाग आठ केले असतील, तर सुतांचा आकडा उचलून थेट पहिल्या घरात बसवता येणार नाही. आधी आठाने भागलेच पाहिजे. रोज भागायचे नसेल तर दुकानाच्या भिंतीवर एवढे लिहून ठेवावे : एक सूत ०.१२५, दोन सूत ०.२५, तीन सूत ०.३७५, चार सूत ०.५, पाच सूत ०.६२५, सहा सूत ०.७५ आणि सात सूत ०.८७५. बांधकामावर 'पाच सूत सळई' मागितली की १६ मिलिमीटरची सळई देतात, तिच्यामागेही हेच गणित आहे. ५/८ इंच म्हणजे १५.८७५ मिलिमीटर, आणि १६ हा त्याला जवळचा आकडा. सळईच्या जाडीत एवढे चालून जाते. दाराच्या चौकटीत चालत नाही, हे मी आपल्याला सांगावे असे नाही.

प्रश्न (मनीषनगर) : एखाद्या संघाने १७.३ षटकांत १४० धावा केल्या तर १४० भागिले १७.३ केल्यावर ८.०९ येतात, पण टीव्हीवर धावगती ८.०० दाखवतात. असे का?

उत्तर : लकडगंजच्या पट्ट्यांना जे झाले तेच येथे झाले आहे. १७.३ म्हणजे सतरा षटके आणि तीन चेंडू, आणि षटकात चेंडू सहा असतात. म्हणून तीन चेंडू म्हणजे ३/६, म्हणजेच ०.५ षटक. १४० ला १७.५ ने भागावे. बरोबर ८ येतात. धावफलकावरचे टिंब हे दशांशचिन्ह नाही याचा पुरावा धावफलकावरच असतो, कारण १७.५ नंतर १७.६ कधीच येत नाही, थेट १८ येतात. 'दोन तास तीस मिनिटे' हे २.३० असे लिहून तासाच्या मजुरीने गुणणारे आणि पाच फूट सहा इंच उंचीला ५.६ फूट म्हणणारे याच वाटेने चुकतात. पहिले अडीच तास आहेत आणि दुसरे साडेपाच फूट.

प्रश्न (धंतोली) : अमरावती जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. वडिलांच्या वहीत '३.१० एकर' अशी नोंद असून ती तीन एकर दहा गुंठे आहे असे थोरले काका सांगतात. आम्हां तीन भावंडांत समान वाटणी करायची आहे. प्रत्येकाला १.०३ एकर लिहावे की आणखी काही?

उत्तर : काकांना विचारले हे फार चांगले केले. एकराचे गुंठे चाळीस. म्हणून दहा गुंठे म्हणजे १०/४०, संक्षिप्त रूपात १/४, दशांशात ०.२५. आपली शेती ३.२५ एकर, म्हणजेच १३० गुंठे आहे. वहीतले टिंब दशांशचिन्ह समजून वाचले असते तर ती १२४ गुंठे भरली असती आणि सहा गुंठे वाऱ्यावर गेले असते. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद चौरस, अर्थात १,०८९ चौरस फूट. सहा गुंठ्यांचे ६,५३४ चौरस फूट होतात. नागपुरात एवढ्या जागेत दीड-दीड हजार फुटांचे चार प्लॉट पडतात.

येथे आणखी एक गुंता आहे. काही भागांत जमीन एकर आणि डिसमिल अशी मोजतात. डिसमिल हा एकराचा शंभरावा भाग असल्यामुळे तेथे ३.१० हे खरेखुरे दशांशरूप असते. आजच्या सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. हेक्टरचे आर शंभर, म्हणून तेथेही टिंब प्रामाणिक आहे. याचा अर्थ असा की '३.१०' ही एकच खूण एका कागदावर १२४ गुंठे आणि दुसऱ्या कागदावर १३० गुंठे सांगू शकते. जुन्या वहीतला आकडा नव्या कागदावर उतरवताना त्यापुढचे एकक लिहिलेले नसेल, तर ते ज्याला माहीत आहे अशा माणसाला विचारल्याशिवाय टिंबाला हात लावू नये.

आता वाटणीकडे वळू. ३.२५ ला तिनाने भागल्यावर १.०८३३३… येतात आणि तीन काही संपत नाहीत. आपण सोयीसाठी प्रत्येकी १.०८ एकर लिहिले, तर तिघांचे मिळून ३.२४ एकर होतील आणि एकराचा शंभरावा भाग, म्हणजे ४३५.६ चौरस फूट जमीन कोणाचीच राहणार नाही. धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भांडणे याहून कमी जागेसाठी झालेली आहेत. त्यापेक्षा गुंठ्यांत भागावे : १३० भागिले ३ म्हणजे ४३ पूर्णांक १/३ गुंठे, अर्थात एक एकर तीन पूर्णांक एकतृतीयांश गुंठे. गुंठ्याची बाजू तेहतीस फूट असल्यामुळे त्याचा तिसरा भाग ३६३ चौरस फूट असा पूर्ण निघतो, आणि प्रत्येकाचा वाटा नेमका ४७,१९० चौरस फूट येतो. दशांशात जो भाग कधीच संपत नाही तो योग्य एककात एका ओळीत संपतो, म्हणून रूपांतर करण्यापूर्वी ते करण्याची गरज आहे का, हेही पाहावे.

प्रश्न (कामठी) : बातमीत 'पावणेदोनशे कोटी' असे वाचले. दोनशेतून पाव वजा केला तर १९९.७५ येतात. मग १७५ कसे?

उत्तर : पाव वजा करायचा हे बरोबर आहे, तो कशाचा पाव, एवढाच प्रश्न आहे. येथे 'पावणेदोन' हा शब्द आधी पुरा होतो आणि 'शे' त्याच्यामागून येतो. पावणेदोन म्हणजे १.७५, त्याला शंभराने गुणल्यावर १७५. त्याच रीतीने सव्वाशे १२५, अडीच हजार २,५०० आणि पावणेदोन लाख १,७५,००० होतात. मराठीला या अपूर्णांकांची इतकी सवय होती की शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी पाठ करून घेत असत. ज्यांना ती येत असे त्यांना कागद न घेताच ०.७५ किंवा ३.५ ने गुणता येई, मात्र आपण दशांशात हिशेब करतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे.

प्रश्न (महाल) : मुलगी सहावीत आहे. ३/४ चे दशांशरूप तिने १.३३ काढले आणि ३/४० चे ०.७५. भागाकार ती न चुकता करते. मग उत्तरे का चुकतात?

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिल्या गणितात तिने ४ ला ३ ने भागले. खालच्या इयत्तांमध्ये भागाकाराचे प्रत्येक गणित मोठ्या संख्येला लहान संख्येने भागण्याचे असते, आणि मुले त्यातून आपला एक नियम तयार करतात, जो कोणी शिकवलेला नसतो पण पक्का बसतो. 'अंशाला छेदाने भाग' असे दहादा सांगून तो निघत नाही. भागाकार सुरू करण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे की तीन पोळ्या चौघांत वाटल्या तर एकाला एक पोळी तरी पुरती मिळेल का? नाही, असे ती लगेच सांगेल. मग १.३३ हे उत्तर लिहिताना तिचाच हात थांबेल. अंश छेदापेक्षा लहान असेल तर उत्तर एकापेक्षा लहान येणार, ही खात्री भागाकाराच्या आधी हवी.

दुसऱ्या गणितात शून्य हरवले आहे. ३ मध्ये ४० जात नाहीत, म्हणून शून्य आणि दशांशचिन्ह. ३० दशांशांतही ४० जात नाहीत; नेमके येथेच मुले काही न लिहिता पुढे जातात. दशांशाच्या घरात काही आले नाही, तर 'काही आले नाही' असे सांगणारे शून्य त्या घरात लिहावे लागते. त्यानंतर ३०० शतांशांत ४० सात वेळा जातात आणि बाकी २० उरते. २०० सहस्रांशांत पाच वेळा जातात आणि बाकी काही उरत नाही. उत्तर ०.०७५. पडताळा असा की १/१० म्हणजे ४/४०, आणि ३/४० त्याहून लहान आहे. मग दशांशाच्या घरात शून्याशिवाय दुसरे काय असणार? जेथे छेद गुणून १०, १०० किंवा १००० करता येतो तेथे भागाकाराची खटपटही नको. ३/४० च्या अंशाला व छेदाला २५ ने गुणले की ७५/१००० मिळतात. घरी वाचून दाखवताना '०.०७५' हे 'शून्य दशांश शून्य सात पाच' असे एकेक अंक उच्चारून वाचावे, म्हणजे मधले शून्य कानावरही पडते.

प्रश्न (धरमपेठ) : माझ्या लहानपणी नवे पैसे आले तेव्हा इतवारीतला आमचा किराणा दुकानदार एका आण्याचे सहा नवे पैसे धरत असे. सोळा आण्यांचा रुपया. सोळा सक शहाण्णव. रुपयातले चार पैसे कोठे जात असत, हा प्रश्न मला आजवर पडला आहे.

उत्तर : दुकानदारावर संशय घेऊ नये. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा रुपयाचा सोळावा भाग होता, आणि १/१६ म्हणजे ०.०६२५ रुपया, अर्थात सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचे नाणे नसते, म्हणून सहा धरले. दर आण्यामागे पाव पैसा सुटला. सोळा पाव म्हणजे चार. तेच चार आणे एकदम दिले असते तर त्यांचे बरोबर पंचवीस नवे पैसे झाले असते आणि काहीच सुटले नसते. म्हणूनच दशांशातला हिशेब शेवटपर्यंत पूर्ण अंकांनी चालवावा आणि जवळचा आकडा एकदाच, अगदी शेवटी घ्यावा. पायरीपायरीला अंक छाटत गेले की आपल्या बालपणीचे चार पैसे प्रत्येक वेळी हरवतात.

आण्याचे निदान दशांशरूप संपते तरी. १/२ चे ०.५, १/४ चे ०.२५, १/८ चे ०.१२५, १/१६ चे ०.०६२५, दरवेळी निम्मे केले की एक घर वाढते, पण शेवट येतो. जुन्या चलनातल्या पैचे मात्र तसे नव्हते. बारा पैंचा आणा, म्हणून १९२ पैंचा रुपया, आणि १/१९२ काढू लागले तर ०.००५२०८३३३… असे तीन येतच राहतात. १९२ मध्ये तिनाचा अवयव दडलेला आहे, आणि तीन दहाशी कधी जुळवून घेत नाही. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न (हिंगणा मार्ग, इयत्ता नववी) : काही अपूर्णांकांचे दशांशरूप खंडित असते आणि काहींचे अखंड आवर्ती, असे पुस्तकात आहे. भागाकार न करता हे आधी ओळखता येते का? आणि अंक पुन्हा पुन्हा येतातच कशावरून? कोठेतरी दूर जाऊन ते बदलणार नाहीत याची खात्री काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाबद्दल तुला शाबासकी दिली पाहिजे, पुष्कळ जण नियम पाठ करतात आणि खात्री मागत नाहीत. आधी पहिला प्रश्न घेऊ. खंडित दशांश म्हणजे ज्याचा छेद १०, १०० किंवा १००० असा करता येतो तो अपूर्णांक. या सर्व छेदांचे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच असतात. म्हणून अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्यानंतर छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव उरला, तर तो छेद कितीही गुणला तरी १०, १००, १००० यांपैकी काहीच होणार नाही आणि दशांशरूप संपणार नाही. 'संक्षिप्त रूप दिल्यानंतर' हे शब्द विसरू नकोस. ६/१५ च्या छेदात ३ दिसतो, परंतु संक्षिप्त रूप २/५ होते आणि उत्तर ०.४ असे पहिल्याच घरात संपते.

आता खात्रीविषयी. १ ला ७ ने भागून पाहा आणि भागाकाराकडे नव्हे, बाकीकडे लक्ष ठेव. १० मध्ये सात एकदा जातात, बाकी ३. ३० मध्ये चार वेळा, बाकी २. २० मध्ये दोन वेळा, बाकी ६. ६० मध्ये आठ वेळा, बाकी ४. ४० मध्ये पाच वेळा, बाकी ५. ५० मध्ये सात वेळा, बाकी १. आपण १ पासूनच निघालो होतो आणि १ वरच परत आलो. यापुढे पुन्हा १० ला भागायचे, पुन्हा बाकी ३, आणि सगळे पूर्वीसारखेच. दुसरे काही होण्याला जागाच नाही. साताने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच असू शकते, शून्य आली तर भागाकार संपतो. सहाच बाक्या उपलब्ध असताना सातव्या पायरीपर्यंत एखादी तरी पुन्हा येणारच, आणि बाकी पुन्हा आली की पुढचे अंकही तेच येणार. कोठल्याही छेदाला हाच विचार लागू पडतो. छेद १७ असेल तर चक्र फार तर सोळा अंकांचे होईल, आणि १/१७ च्या बाबतीत ते खरोखरच सोळा अंकांचे आहे. ११ साठी दहा अंकांपर्यंत जाण्याची मुभा असूनही १/११ = ०.०९०९… हे दोनच अंकांत फेरी पुरी करते.

१/७ = ०.१४२८५७१४२८५७… या चक्राची गंमत अशी की २/७ काढताना नव्याने भागाकार करावा लागत नाही. वरच्या पायऱ्यांत बाकी २ जेथे आली तेथून पुढे वाचत जा : २, ८, ५, ७, १, ४. म्हणून २/७ = ०.२८५७१४…. ३/७ साठी बाकी ३ पासून वाचावे, आणि असेच ६/७ पर्यंत. एकाच वर्तुळात उभी असलेली सहा मुले, मोजणी फक्त वेगळ्या मुलापासून. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्येही १४२८५७ आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा १४२८५७ मिळते. करून पाहावे, मी सांगतो म्हणून मानू नये.

मिश्र प्रकारही पाहून ठेव. शेतकऱ्याच्या घरी ऐकू येणारा 'सात-बारा' हा अपूर्णांक नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांवरून पडलेले ते नाव आहे. पण ७/१२ हा अपूर्णांक म्हणून घेतला तर ०.५८३३३… मिळतात, म्हणजे ५ आणि ८ एकेकदा आणि नंतर नुसते ३. बारामध्ये ४ आणि ३ असे दोन भाग आहेत. चारामुळे, म्हणजे दोनदा आलेल्या २ मुळे, सुरुवातीची दोन घरे वेगळी पडतात आणि तिनामुळे पुढची आवर्तने सुरू होतात.

प्रश्न (सीताबर्डी; इयत्ता दहावी) : पाय ही अपरिमेय संख्या आहे, तिचे दशांशरूप आवर्ती नसते, असे शिकवतात; आणि गणित सोडवताना पाय = २२/७ घ्या असे सांगतात. २२/७ तर आवर्ती आहे. यांतले खरे कोणते?

उत्तर : पहिले खरे, दुसरे सोयीचे. २२/७ = ३.१४२८५७… आणि पाय = ३.१४१५९२६…, दोन घरांपर्यंत ते हातात हात घालून चालतात आणि तिसऱ्या घरात सुटतात. १४ सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीचा परीघ २२/७ ने ४४ सेंटिमीटर येतो, प्रत्यक्षात तो सुमारे ४३.९८ असतो. काठाला लेस लावायची असेल तर हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला. ६२८३२/२०००० चा छेद केवळ २ आणि ५ यांचा बनलेला असल्यामुळे भागाकार ३.१४१६ वर स्वच्छ थांबतो. मात्र हे मान 'आसन्न', म्हणजे जवळचे आहे, असा शब्द त्याने तेथेच घातला आहे, आणि प्रश्नपत्रिकेतील '२२/७ घ्या' या सूचनेच्या जागी तोच शब्द मला अधिक आवडला असता. चीनमध्ये पाचव्या शतकात त्सू छोंगचीने ३५५/११३ हे मान दिले, ते ३.१४१५९२९… असून सहा घरांपर्यंत जुळते. कोणताही अपूर्णांक शेवटपर्यंत जुळणार नाही हे सिद्ध करण्याला १७६१ साल उजाडावे लागले, आणि ते लाम्बर्ट या गणितज्ञाने केले.

प्रश्न (प्रतापनगर) : कॅल्क्युलेटरवर २ भागिले ३ केले तर ०.६६६६६६७ येतात. शेवटी ७ आहे म्हणजे ते संपले असे समजावे का? आणि माझा नातू म्हणतो की ०.९९९… आणि १ एकच आहेत. मला ते पटत नाही. कितीही नऊ लिहिले तरी थोडे कमी राहणारच ना?

उत्तर : तो ७ भागाकारातून आलेला नाही. यंत्राच्या पडद्यावर जागा संपली. पुढचा अंक ६ म्हणजे पाचापेक्षा मोठा आहे, म्हणून यंत्राने शेवटचा अंक एकाने वाढवून जवळचा आकडा दाखवला. काही स्वस्त यंत्रे नुसती छाटणी करतात, त्यांच्यावर ०.६६६६६६६ दिसतात. तिनाने भागलेले संपत नाही, हे आता आपण यंत्राला न विचारताही सांगू शकता.

नातवाचे म्हणणे बरोबर आहे. 'कितीही नऊ लिहिले तरी' असे आपण म्हणता तेव्हा आपण कोठेतरी लिहिणे थांबवलेले असते, आणि थांबल्यावर थोडे कमी राहते हेही खरेच आहे. शेवटच्या तीन टिंबांचा अर्थ मात्र न थांबणे असा आहे. १/३ = ०.३३३… हे आपल्याला मान्य असेल तर दोन्ही बाजूंना तिनाने गुणा. एकीकडे १ येतो आणि दुसरीकडे ०.९९९…. तरीही मन मानत नसेल तर ९ ला ९ ने भागा, पण थोड्या आडमुठेपणाने. नवात नऊ एकदा जातात हे ठाऊक असूनही भागाकारात शून्य लिहा आणि ९ एककांचे ९० दशांश करा. एका घरात नवापेक्षा मोठा अंक मावत नाही, म्हणून नऊ वेळाच भाग द्या : नऊ नवे एक्क्याऐंशी, बाकी ९. पुन्हा ९० शतांश, पुन्हा नऊ, पुन्हा बाकी ९. भागाकाराच्या जागी ०.९९९… उमटत जाते, बाकीचे ९ दर पायरीला दहापटीने लहान घरात सरकत जातात, आणि भाज्य व भाजक दोन्ही ९ च असल्यामुळे उत्तर १ असण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.